सालीसकट भाव

साल न काढलेल्या बाभळीच्या दीड फुटी ठोकळ्याला आमच्या शोरूममध्ये साडेनऊ हजारांची चिठ्ठी असायची. चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे होतं. ठोकळ्यांना नावंही असत, आणि ती बहुतेक मीच ठेवलेली. 'अरण्य', 'मूळ', 'वनवास'. 'वनवास' कितीतरी दिवस कोपऱ्यात पडून होता. शेवटी मालकांनी त्याचं नाव बदलून 'तपोवन' करायला लावलं, आणि त्याच आठवड्यात तो गेला.

इंटिरिअरचा डिप्लोमा झाल्यावरची ती माझी पहिली नोकरी. पुण्याच्या पश्चिमेला, नव्या टॉवरांच्या ओळीत, काचेचं दुमजली दुकान. वरच्या मजल्यावर नेहमीचे सोफे-पलंग, आणि खालच्या मजल्यावर, म्हणजे रस्त्यावरून दिसेल अशा जागी, ओंडके. ओंडक्याचं स्टूल, ओंडक्याचा दिवा, ओंडका उभा चिरून केलेलं सेंटर टेबल, झाडाच्या बुंध्याच्या गोल चकत्यांचं भिंतीवरचं घड्याळ. छतातून प्रत्येकावर एकेक पिवळा दिवा सोडलेला. त्या उजेडात काहीही ठेवलं तरी ते महाग दिसतं.

हा माल यायचा हडपसरपलीकडच्या एका जळाऊ लाकडाच्या वखारीतून, किलोवर. भाव त्या वेळी सात-आठ रुपये. एक ठोकळा चाळीसेक किलोचा भरायचा, म्हणजे लाकूड झालं सव्वातीनशेचं. मिस्त्री दिवसभरात तीन-चार ठोकळे वरून-खालून सपाट करून, घासून द्यायचे. मग पॉलिशवाला दोन हात मारायचा आणि खाली रबरी बूट बसायचे. टेम्पो, हमाली सगळं धरलं तरी दीड हजाराच्या आत प्रकरण आटपायचं. चार आण्याची कोंबडी म्हणायची तर मसाला बारा आण्यांच्या कितीतरी वर गेला होता. त्यात एक सरकारी गंमत अशी की जळाऊ लाकडावर जीएसटी नाही आणि लाकडी फर्निचरवर १८ टक्के. त्यामुळे तोच ठोकळा आमचा उंबरठा ओलांडताना करपात्र व्हायचा.

त्या नफ्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. रस्त्यावरच्या दुकानाचं भाडं, एसी, कॉफी, गुळगुळीत कागदावरचे कॅटलॉग, हे सगळं कुठून तरी निघायला हवं, आणि हौसेला मोल नाही हे गिऱ्हाईकही जाणून असतं. खटकायचं ते दुसरंच. ओंडक्याच्या फर्निचरमध्ये ज्या एकाच गोष्टीचे खरोखर भरपूर पैसे घ्यायला हवेत, ती त्या साडेनऊ हजारांत नव्हतीच. ती गोष्ट म्हणजे लाकूड वाळवणं.

हे मला आधी कळलं ते कराडकडच्या एका आजोबांमुळे. मुला-सुनेबरोबर आले होते. सुनेला स्टूल फार आवडलेलं. आजोबांनी चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. त्यांनी ठोकळा दोन्ही हातांनी जरासा उचलून पाहिला, खाली ठेवला, आडवा केला आणि बुडाशी सालीच्या कडेवर अंगठ्याचं नख दाबलं. नख आत गेलं. मग त्यांनी तोच अंगठा नाकाशी नेला.

"वलं हाय अजून," ते म्हणाले. "दोन पावसाळे जाऊ द्या की. घाई काय?"

मालक हसले. "काका, ट्रीटेड आहे हे."

"कशानं?"

मालक इम्पोर्टेड तेलाबद्दल काहीतरी बोलले. आजोबांनी मान हलवली, ती होकाराची नव्हती, आणि ते बाहेर जाऊन गाडीपाशी उभे राहिले. स्टूल घेतलं गेलं. एप्रिलमध्ये सुनेचा फोन आला: वरच्या तोंडाला मधोमध चीर गेली आहे, आणि तीत रुपयाचं नाणं उभं मावतंय. अशा फोनांसाठी आमच्याकडे छापील कार्डच होतं. लाकूड जिवंत असतं, चीर हे त्याचं नैसर्गिक सौंदर्य, वगैरे. कार्डाचा कागद सुंदर होता.

ती चीर का पडते हे कळलं की या धंद्याचं निम्मं अर्थशास्त्र कळतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. ताज्या तोडलेल्या खोडात पाणी इतकं असतं की काही झाडांत ते कोरड्या लाकडाच्या वजनाच्या बरोबरीला जातं. वाळताना आधी पेशींच्या पोकळ्यांतलं पाणी उडतं. तोवर लाकूड नुसतं हलकं होतं, आकार बदलत नाही. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरली की पेशींच्या भिंतींमधलं पाणी सुटू लागतं आणि लाकूड आकसायला लागतं. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही. आडव्या अंगाने आकसतं, पण तेही सगळीकडे सारखं नाही. केंद्रापासून सालीकडे जाणाऱ्या रेषेत जेवढं आकसतं, त्याच्या दीडपट ते दुप्पट वर्तुळांच्या दिशेने आकसतं. म्हणजे कमरेचा पट्टा आवळत जातोय आणि पोट मात्र त्या मानाने आत जात नाहीये. पट्टा कुठेतरी तुटणारच. अख्ख्या खोडाची चकती किंवा ठोकळा केला, मधला बिंदू तसाच ठेवला, तर सालीपासून केंद्रापर्यंत त्रिकोणी चीर पडणं हा त्या खोडाचा स्वभाव आहे. तेल लावा, मेण लावा, चीर फार तर उशिरा पडेल.

जगभरच्या सुतारांनी हजारो वर्षं जे कौशल्य कमावलं, त्याचा मोठा भाग या एका स्वभावाला वळसा घालण्यात गेलेला आहे. खोडाच्या फळ्या पाडायच्या त्या मधला भाग टाळून. आपल्या जुन्या वाड्याचं दार बघा: बाहेर पट्ट्यांची चौकट, आणि आतली फळी खाचेत सैल सोडलेली. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, दाराला मात्र काही होत नाही. तिथे डिंक नाही, खिळा नाही, कारण फळीला हलायला जागा द्यायची असते. ओंडक्याच्या स्टुलात हे सगळं शहाणपण गुंडाळून ठेवलेलं असतं, आणि त्याच्या गैरहजेरीचे जादा पैसे लागतात.

अख्खा ओंडका वापरायचाच तर उपाय नाहीत असं नाही. तोडल्या दिवशीच दोन्ही तोंडं बंद करायची, कारण ओल बाजूपेक्षा तोंडांतून कितीतरी पटीने भराभर जाते आणि फाटायला तिथूनच सुरुवात होते. गावाकडे याला शेण-माती लिंपतात, वखारीत ऑइल पेंट किंवा डांबर फासतात, मी मेणाचं द्रावण लावते. दुसरा उपाय म्हणजे पाठीमागच्या बाजूने करवतीने केंद्रापर्यंत एक काप आधीच द्यायचा. चीर पडायचीच आहे तर ती आपण सांगू तिथे पडावी. तो काप वाळताना रुंदावतो, मग त्यात त्याच लाकडाची पाचर बसवता येते. तिसरा उपाय रसायनाचा. पाण्याची जागा पॉलिइथिलीन ग्लायकॉलला घ्यायला लावायची. स्वीडनने १९६१ साली समुद्रातून वर काढलेल्या 'वासा' जहाजावर ते १७ वर्षं फवारलं. स्टुलासाठी तेवढा धीर कोण धरणार!

आणि मग सगळ्यात कंटाळवाणा उपाय, थांबण्याचा. उघड्यावर, सावलीत, वारा खेळेल अशी रचून ठेवलेली फळी जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष घेते, असा ठोकताळा आहे. घरात वापरायचं तर ओल १०-१२ टक्क्यांवर यायला हवी. अडीच इंची फळी म्हणजे अडीच वर्षं. तेरा इंच व्यासाच्या ठोकळ्याचं गणित मांडायला नकोच. शोरूममधला माल वखारीतून निघाल्यापासून तीन आठवड्यांत दिव्याखाली उभा असायचा.

सालीचं आणखी एक लफडं. साल आणि लाकूड यांच्यामधला थर झाडाच्या अंगातला सगळ्यात रसरशीत भाग. वाळला की साल सुटते, आणि सुटेपर्यंत तिच्याखाली किड्यांची वस्ती. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं, ते बोरर किड्याचं अन्न. आंबा आणि बाभूळ यांचं पांढरं लाकूड तर त्याला फार प्रिय. टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि खाली पिठासारखा भुसा. 'रोज पुसते, रोज पडतं', असे फोन यायचे. त्याचंही कार्ड छापावं असं एकदा मीटिंगमध्ये निघालं होतं.

ठोकळा ही मुळातच फसवी वस्तू आहे असा मात्र समज नको. मटणाच्या दुकानातला चिंचेचा ओंडका पाहा. तो उभ्या तंतूंचा ठेवलेला असतो, त्यामुळे सुरा तंतूंच्या मधे घुसतो, लाकूड कापलं जात नाही आणि ढलप्या मटणात येत नाहीत. चिंच निवडलेली असते, कारण तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले, सहजी फाटत नाहीत. लोहाराची ऐरण ज्या बाभळीच्या ठोकळ्यात बसवतात, तो जमिनीत निम्मा गाडलेला असतो आणि दिवसभर घणाचे घाव खातो. हे ठोकळे महाग असतात आणि घेणारा कुरकुर न करता पैसे मोजतो. नख मात्र तोही दाबून बघतो.

शोरूम सोडून मी नऱ्ह्याला पत्र्याची शेड घेतली, तेव्हा बरोबर एक मिस्त्री आले. नागौरकडचे. वय साठीकडे झुकलेलं, हात इतका सफाईदार की सांधा केला तर रेष शोधावी लागते. ओंडक्यांच्या कामाला त्यांचा जुना विरोध. "मॅडम, इसमें काम क्या है?" असं दर ठोकळ्याला एकदा म्हणणार. त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि तेच त्यांचं दुखणंही. त्यांनी सागाची, एकही स्क्रू नसलेली आरामखुर्ची केली तर तिच्यावर त्यांचे दहा-बारा दिवस जातात आणि गिऱ्हाईक पंधरा हजारांवर घासाघीस करतं. तेच गिऱ्हाईक सालीची कड ठेवलेल्या एका फळीला, खाली लोखंडी पाय लावले की, लाखभर विनातक्रार देतं. हात लागलेल्या वस्तूची मजुरी मोजता येते, म्हणून तिच्यावर वाद घालता येतो. हात न लागल्यासारखी दिसणारी वस्तू थेट निसर्गाकडून आलेली असते, आणि निसर्गाशी घासाघीस कशी करणार?

ही हौस आजची नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत धनिकांनी जंगलातले बंगले बांधले. विल्यम वेस्ट ड्युरंटचा 'कॅम्प पाइन नॉट' त्यातला सुरुवातीचा. बर्चच्या सालीने मढवलेली कपाटं, फांद्यांच्या खुर्च्या असा तिथला थाट. करणारे तिथलेच वाटाडे आणि राखणदार, हिवाळ्यात हाताला दुसरं काम नसताना. त्या राखणदारांच्या स्वतःच्या घरात काय होतं कोण जाणे, पण रंधा मारलेली फळी हाताशी असताना कोणी गरीब माणूस साल ठेवत नाही.

आमच्या कामात सगळ्यात जास्त मागणी पर्जन्यवृक्षाच्या फळीला आहे, फक्त त्या नावाने नाही. 'सुआर' म्हणून. इंडोनेशियातून येते. तीन फूट रुंद, मधे चॉकलेटी गाभा, दोन्ही कडांना पिवळट पट्टा. आर्किटेक्ट मंडळी 'सुआर वुड' म्हणतात तेव्हा आवाज जरा खाली येतो. झाड तेच, जे इंग्रजांच्या काळात सावलीसाठी आपल्या रस्त्यांकडेला लावलं गेलं, मूळचं दक्षिण अमेरिकेकडचं, संध्याकाळी पानं मिटणारं, शेंगांच्या चिकाने गाड्या बरबटवणारं. पुण्यात, मुंबईत दर पावसाळ्यात ते पडतं, रस्तारुंदीत तोडलं जातं. फळीसाठी याहून गुणी लाकूड शोधूनही सापडणार नाही, कारण वाळताना ते फार कमी आकसतं. हवाई बेटांत याच झाडाचे वाडगे ओल्या लाकडातून कोरतात आणि ते फारसे फाटत नाहीत. आणि आपल्याकडे ते जातं भट्टीत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते असं.

भट्टीत जाण्याची कारणंही आहेत. झाड रस्त्यावर पडलं की अग्निशमन दलाचं काम रस्ता मोकळा करणं. ते दोन-दोन फुटांचे तुकडे पाडतात आणि त्यांचं बरोबरच आहे, खाली गाडी अडकलेली असते. उभं झाड तोडायचं तर १९७५ च्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्याखाली पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. पण परवानगीनंतर तोडणारा ठेकेदार लाकूड वजनावर विकतो, त्याला आठ फुटी सरळ ओंडका जपण्यात काही मिळत नाही. वर सॉ मिलवाले शहरातलं झाड घ्यायला नाखूश. कारण खिळे. क्लासची पाटी, पेइंग गेस्टची पाटी, उमेदवाराचा फ्लेक्स, सगळं झाडाला ठोकलेलं. झाड वाढतं, खिळा आत गिळतं, आणि वीस वर्षांनी बँडसॉचं पातं त्याच्यावर जाऊन फुटतं. पुण्यात कार्यकर्ते खिळेमुक्त झाडांची मोहीम चालवतात, तिचा फायदा झाडाला आधी आणि माझ्यासारखीला बऱ्याच वर्षांनी. खिळ्याभोवती लाकूड निळं-काळं पडलेलं असतं. आता गिऱ्हाइकांना तो डागही आवडतो. तो काढू का विचारलं तर 'नको, राहू दे' म्हणतात.

चीर आणि वेडीवाकडी कड यांना प्रतिष्ठा ज्याने दिली, त्या जॉर्ज नाकाशिमाचं नाव आमच्या व्यवसायात सतत घेतलं जातं, आणि त्यात पुदुच्चेरी येते हे फार कमी जणांना ठाऊक असतं. हा जपानी वंशाचा अमेरिकन आर्किटेक्ट १९३० च्या दशकात अरविंद आश्रमाच्या 'गोलकोंड' या इमारतीच्या कामावर होता. आश्रमाने त्याला सुंदरानंद नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्याला जपानी म्हणून छावणीत डांबलं. तिथे त्याला एक जपानी सुतार भेटला आणि त्याच्या हाताखाली तो जपानी पद्धतीची सुतारकी शिकला. पुढे १९६४ मध्ये त्याने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही फर्निचर केलं. त्याच्या टेबलातल्या चिरेवर आडव्या, डमरूच्या आकाराच्या पाचरी असतात. त्या शोभेच्या वाटतात, पण चीर पुढे जाऊ नये म्हणून खोल बसवलेल्या असतात. आता बाजारात न फाटलेल्या फळीवरही वरवरचे डमरू चिकटवलेले मिळतात. आमच्या मिस्त्रींनी असं एक टेबल पाहिलं आणि नखाने डमरू उचकटून खिशात घातला. अजून शेडमध्ये खिडकीत आहे.

कोणी घ्यायला निघालं तर मी दोनच गोष्टी विचारायला सांगते. लाकूड कधी तोडलं? आणि ओल किती? दुकानात मॉइश्चर मीटर असायलाच हवा. दोन टाचण्यांचं ते यंत्र चार-पाच हजारांत मिळतं. नसेल तर भाव करू नये, तसंच निघावं.

गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीतला पर्जन्यवृक्ष कुंपणावर आडवा झाला. तिथल्या एका सभासदांनी, आमचे जुने गिऱ्हाईक, करवती पोचायच्या आत फोन केला, त्यामुळे बुंधा अखंड वाचला. उद्यान विभागाचे सोपस्कार झाले. हायड्रा क्रेन आणून तो उचलला आणि मेटल डिटेक्टर फिरवला तर जागोजागी आवाज. मिस्त्री आणि मी दिवसभर खिळे काढत होतो, तरी चिराईत एक पातं गेलंच. फळ्या मात्र अशा निघाल्या की मिस्त्रीसुद्धा काही बोलले नाहीत. सोसायटीला त्यातून आवारात ठेवायला दोन बाकं हवी होती.

मी खर्चाचा कागद पाठवला. हायड्रा, टेम्पो, चिराई, पातं, बोरॅक्सची प्रक्रिया, दोन पावसाळे शेडमधल्या जागेचं भाडं, मिस्त्रींची मजुरी, लोखंडी पाय. लाकूड: शून्य रुपये. सेक्रेटरींचा फोन आला.

"ताई, लाकूड तर आमचंच आहे. मग एवढे कसले?"

"म्हणूनच तिथे शून्य लिहिलंय, काका."

"ते पाहिलं मी. पण हे जागेचं भाडं? नुसतं पडून राहणार ना ते?"

"हो. तेच तर करायचंय त्याला."

"गणपतीपर्यंत नाही व्हायचं का?"

"या गणपतीपर्यंत नाही."

त्यावर सोसायटीच्या दोन बैठका झाल्या. एका सभासदांनी एवढ्या पैशांत सिमेंटची सहा बाकं येतात असा हिशेब मांडला, तो अचूक होता. शेवटी खर्च मंजूर झाला तो एका अटीवर. बाकावर पितळी पाटी हवी, झाडाचं नाव, वर्ष आणि कार्यकारिणीची नावं. फळ्या आमच्या शेडमध्ये पट्ट्यांवर रचलेल्या आहेत, ओल सध्या ३४ टक्के. पाटीवर नावं आजच्या कार्यकारिणीची घालायची की बाकं तयार होतील तेव्हाच्या, यावर तिसरी बैठक व्हायची आहे.